बारा टॅबलेटना बारा कव्हरं

चौथीच्या बाईंना वर्गात बिनकव्हरची वस्तू खपत नसे. वह्या, पुस्तकं, हजेरीपट, इतकंच काय, कोपऱ्यातला जाडजूड शब्दकोशही खाकी कागदात गुंडाळलेला आणि वर लेबल. शाळेत महिन्याभराच्या बोलीवर बारा टॅबलेट आले होते. तपासणीच्या आदल्या दिवशी बाईंची नजर त्यांच्या चकचकीत पाठींवर गेली.

"उद्या साहेब येणार आणि ही यंत्रं अशी उघडीबोडकी?"

शाळा सुटायच्या आत मुलांनी बाराही पाठींना खाकी कागद घातला, कोपरे दुमडले, कडा डिंकाने चिकटवल्या.

साहेबांना मुलांचं काम पसंत पडलं तर टॅबलेट राहणार होते, नाहीतर पलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार होते. बाई महिनाभर रोज संध्याकाळी स्वतः शिकत होत्या आणि सकाळी मुलांना शिकवत होत्या. ही मेहनत दुसऱ्याच्या वर्गात जाणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं.

साहेब अकराच्या ठोक्याला आले आणि मागच्या बाकावर बसले. काम सोपं होतं. आवारातल्या झाडांची पानं आणली होती. प्रत्येक गटाने पानाचा फोटो काढायचा, खाली माहिती लिहायची.

"बाई, अंधार!" पहिल्याच बाकावरून भोंगा ओरडला. मोठ्या आवाजामुळे त्या पोराला पडलेलं नाव.

"कसला अंधार?"

"पान काळंकुट्ट येतंय!"

"आमचंपण!"

"बाई, आमचंपण!"

बाईंनी खिडक्या उघडल्या. दिवे लावले. मग सगळा वर्ग व्हरांड्यात उन्हात नेला. तिथेही बारा टॅबलेटवर अमावस्याच. सगळे परत वर्गात आले.

"बॅटरी संपली असेल," साहेबांबरोबर आलेले मुख्याध्यापक कुजबुजले.

"ब्याण्णव टक्के आहे, सर," बाई म्हणाल्या.

"मग जास्त झाली असेल," असं म्हणून ते टॅबलेट परत भरायला रिकामी खोकी शोधायला गेले.

बाईंनी टाळी वाजवली. "सगळं बंद करा रे, पहिल्यापासून सुरू करू."

"बाई, थांबा ना." ही चौकशी. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारते म्हणून मुलांनी तिला ठेवलेलं नाव. "गणित चुकलं तर सगळं खोडू नका, कुठल्या पायरीला चुकलं ते बघा, असं तुम्हीच सांगता."

"अगं सांगते, पण आत्ता साहेब बसलेत!"

"मग पटकन बघू. ए भोंग्या, अक्षरं उमटतायत?"

"उमटतायत."

"आता स्वतःचा फोटो काढ."

पडद्यावर भोंग्याचे दात स्वच्छ उमटले, पडलेल्या दाताच्या खिडकीसकट.

"म्हणजे पुढचा कॅमेरा बरा आहे. मागचे तेवढे आंधळे. आणि बाराच्या बारा एकदम? परवा तर चांगले होते. मध्ये काय झालं?"

एकेक करत बत्तीस माना बाईंकडे वळल्या.

बाईंनी हातातला टॅबलेट उलटा केला. कागदावर एक सुरकुती नव्हती. नाव, इयत्ता, विषय लिहिलेलं लेबल बरोबर कॅमेऱ्यावर बसलं होतं.

"ही माझी चूक," बाई म्हणाल्या, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "कात्र्या काढा. आणि भोकं गोल कापायची, ओरबाडायची नाहीत!"

वीस मिनिटांत बारा पानं नावगावासकट तयार झाली. साहेब उठून पुढे आले.

"बाई, हा अडथळा मुद्दाम ठेवला होता का?"

"हो तर, साहेब! आमचं आधीच ठरलं होतं," मुख्याध्यापक हातातली खोकी पाठीमागे लपवत म्हणाले.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "मुद्दाम नव्हता. पण शोधला मुलांनी."

"तेच तर! बटणं दाबायला सगळीकडे शिकवतात हो. अडलं तर कुठे अडलं हे शोधणारा वर्ग मी आज पाहिला. टॅबलेट इथेच राहतील. आणि पुढच्या महिन्यात बाकीच्या शाळांच्या शिक्षकांना तुम्ही शिकवायचं."

मुलांनी बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. एरवी बाईंनी पट्टी आपटली असती. आज त्या पदर सारखा करत नुसत्या उभ्या राहिल्या.

अहवालाला वर्गाचा फोटो जोडायचा होता. साहेबांनी आपला फोन धरला, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथे नेटवर्क नाही वाटतं. सगळं काळं दिसतंय."

"साहेब, बोट!" बत्तीस आवाज एकदम उठले.

साहेबांनी कॅमेऱ्यावरचं बोट झटकन काढलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"असू दे," बाई मायेने म्हणाल्या. "पहिल्यांदा होतं असं. घाबरायचं नाही, परत काढा बरं."