मथूताईची घरगुती वीज

एका जंगलात, जिथे वीज एक तर आभाळाची असे नाही तर सरकारी, तिथे मथूताई नावाची साळिंदरीण राहायची. तिला घरच्या घरी वीज पाडायची होती. हसू नका, मुलांनो. तुमचे वडील घरी नळ दुरुस्त करतात, तेव्हा तुम्ही हसता का?

तिने प्लास्टिकच्या पाइपवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली. वेढ्याला वेढा खेटून, पण वेढ्यावर वेढा नाही. बुडाशी जाड तारेचे मोजके वेढे दिले. माथ्यावर चकचकीत पत्र्याचं कडं बसवलं.

"यात जादू काय?" शेजारच्या सशाने विचारलं.

"झोका नेमक्या वेळी ढकलला की उंच जातो ना? अवेळी ढकललास तर तुझेच दात पडतात. ही जाड तार त्या बारीक तारेला नेमक्या वेळी ढकलते. बस्स."

तिने कळ दाबली. कड्यावरून हातभर जांभळी वीज तडतडली. ससा घरी गेला आणि त्याने ताबडतोब तक्रार केली. वीज सुंदर होती, आणि त्याची नव्हती.

वन परिषदेचा हुकूम निघाला. अध्यक्ष सिंहसाहेब स्वतः पाहतील. पसंत पडलं तर यंत्र राहील, नाही तर मोडलं जाईल. मथूताईची झोप उडाली. तार गुंडाळण्यात तिचा अख्खा हिवाळा गेला होता. तिने यंत्राभोवती फक्कीचं मोठं रिंगण आखलं.

सिंहसाहेब आले. मागे त्यांचा स्वीय सहायक कोल्हा, हातात जरीचा हार घेऊन. या जंगलात हार घातल्याशिवाय पिठाची गिरणीसुद्धा सुरू होत नसे.

"साहेब, यंत्र बंद आहे तोवर हार घाला," मथूताई म्हणाली. "मग रिंगणाबाहेर या. मी हार काढते आणि वीज दाखवते."

कोल्हा भडकला. "म्हणजे फोटोत हार असेल तेव्हा वीज नाही, आणि वीज असेल तेव्हा हार नाही? बाई, आम्ही काय इथे विज्ञान शिकायला आलोय?"

"अहो, जरीतून वीज उतरते! साहेबांना लागेल."

"मला लागेल?" सिंहसाहेब गुरगुरले. "कुणाशी बोलतेस?"

ते रिंगणात शिरले. त्यांनी हार उचलून कड्यावर टेकवला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. मथूताई धावली, पण कोल्ह्याने आधीच कळ दाबली होती.

तडाड! सिंहसाहेब शेपटीवर आपटले. आयाळीचा केस न् केस ताठ उभा राहिला. मथूताईने झडप घालून कळ बंद केली. साहेब वाचले. प्रजेने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पोपटाच्या वर्तमानपत्रात मथळा आला, ‘अध्यक्षांनी वीज पेलली!’ मजकूर कोल्ह्याने पाठवला होता. पोपटाने फक्त स्वल्पविराम घातले.

चौकशी समिती बसली. अध्यक्षपदी अर्थातच कोल्हा.

"साहेबांना लागेल, हे तू आधीच म्हणाली होतीस?"

"हो. सगळ्यांसमोर."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच तर सांगितलं ना!"

"लिहून घ्या," कोल्हा म्हणाला. "आरोपीला कबूल आहे."

यंत्र मोडलं. तांब्याची तार सरकारजमा झाली. रिंगण आखलं, हा मथूताईविरुद्ध दुसरा पुरावा ठरला.

तात्पर्य: मुलांनो, धोका दिसला तर गप्प बसावं. न सांगता घडला तर तो अपघात असतो. सांगून घडला तर कट.