बियाणे तक्रार क्रमांक ४१

ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१७ या चौदा महिन्यांत रंगराव यांच्या फोनवरून एकच छायाचित्र चौदा क्रमांकांवर गेले. त्या फोनमध्ये एकूण सहाशे पंचवीस क्रमांक साठवलेले होते. त्यांपैकी एकोणनव्वद स्त्रियांचे. छायाचित्र ज्या चौदा क्रमांकांवर गेले, ते चौदाही स्त्रियांचे होते.

रंगराव हे आमच्या तालुक्यातील परवानाधारक बियाणे विक्रेते. छायाचित्र एका पुरुषाच्या कमरेखालच्या भागाचे होते आणि त्या भागावर वस्त्र नव्हते. याहून अधिक वर्णनाची गरज नव्हती. ते पुढे तीन बैठकांत सविस्तर झाले.

चौदावा क्रमांक योगिनीचा. ती कंत्राटी कीड सर्वेक्षक. आठवड्यातून चार दिवस कपाशीच्या शेतांत फिरायचे, कामगंध सापळ्यांत सापडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सल्ला टाकायचा, हे तिचे काम. कंत्राटाची मुदत एकतीस डिसेंबरपर्यंत होती. छायाचित्र आल्यावर तिने तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली. आवक-जावक पाहणाऱ्या जब्बारभाईंनी ती दोन बोटांत धरली.

"ताई, माझ्याकडे तीनच रजिस्टर हायेत. बियाणं, खत, औषध. यातलं कोणतं लिवू?"

"जब्बारभाई, हे तुम्हाले बियाणं दिसते का?"

"मले काहीच दिसून नाही राह्यलं. मी पाह्यलंच नाही," जब्बारभाई खिडकीकडे पाहत म्हणाले. "पण माणूस तं बियाण्याचा हाय न!"

अशा रीतीने ती बियाणे तक्रार क्रमांक ४१ झाली आणि बियाणे तक्रार समितीपुढे आली. समितीत तिघे होतो. तालुक्याचे अधिकारी अध्यक्ष होते, शेतकरी प्रतिनिधी म्हणून कडूबा होते आणि कीटकशास्त्राचा तज्ज्ञ म्हणून मी. आधीच्या चाळीस तक्रारी बोंडअळीच्या होत्या. त्या सर्वांत 'कारण' या रकान्यात एकच वाक्य होते: 'शेतकऱ्याने बीटी कपाशीभोवती बिगर-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत.' अळी बीटीला सरावू नये म्हणून पाकिटासोबत मिळणारी साध्या, बिगर-बीटी बियाण्याची पुडी कोणीच लावत नाही, त्यामुळे हे कारण प्रत्येक शेतात सापडते. चाळीसही पंचनाम्यांवर माझी सही आहे.

एक्केचाळिसाव्या तक्रारीच्या पंचनाम्याचा छापील नमुनाही तोच होता. पीक, वाण, लागवडीची तारीख आणि प्रादुर्भावाची टक्केवारी या चार रकान्यांत अध्यक्षांनी 'निरंक' लिहिले. पाचवा रकाना कारणाचा. तो शास्त्रीय असल्याने माझ्याकडे आला.

रंगरावांच्या बाजूने वकील शेखरराव उभे राहिले. गेली बारा वर्षे ते बियाणे कंपन्यांच्या वतीने ग्राहक मंचात लढतात. त्यांच्याकडे एक तयार लेखी कैफियत आहे. त्यात फक्त नावे बदलावी लागतात. या वेळी घाईत सगळी बदलली गेली नसावीत.

"सदर छायाचित्राची उगवण," त्यांनी वाचले, "सर्वस्वी हवामानावर अवलंबून असते. यंदा हवेत दमटपणा होता. दमट खिशात फोनचा पडदा आपोआप दाबला जातो. त्यास विक्रेता जबाबदार नाही. शिवाय हे छायाचित्र आमच्या अशिलाचे आहे, हेच आम्हाला मान्य नाही. फोनमध्ये ते कोठून आले, याची त्यांना कल्पना नाही."

रंगरावांनी कल्पना नसल्यासारखी मान हलवली.

"तिसरा मुद्दा. तक्रारदार म्हणतात, न मागता पाठवले. हा त्यांचाच सल्ला क्रमांक बावीस." शेखररावांनी कागद पुढे केला. "'शेतकरी बंधूंनी शंकास्पद छायाचित्रे त्वरित पाठवावीत.' मागणी लेखी आहे, साहेब. पुरवठा त्यानुसार झाला."

"मी बोंडांचे फोटो मागितले होते," योगिनी म्हणाली. "खालच्याच ओळीत लिहिलेलं आहे."

"शेतकरी पहिलीच ओळ वाचतो."

"वकीलसाहेब," कडूबा म्हणाले, "आमी अडाणी असू. पण बोंड कोणतं, एवढं आमाले समजते."

अध्यक्षांनी हे वाक्य कामकाजातून वगळले.

शेखररावांचा चौथा मुद्दा बियाण्याच्या खटल्यांत कधीच वाया जात नाही. ज्या लॉटची तक्रार आहे, त्याच लॉटची पाकिटे इतर शेतकऱ्यांनीही नेली आणि त्यांची तक्रार नाही, म्हणून लॉट निर्दोष. त्यांनी रंगरावांचा फोन आणि चौदा क्रमांकांची यादी समितीपुढे अभिमानाने ठेवली. "हेच छायाचित्र आणखी तेरा महिलांना गेले. एकीचीही तक्रार नाही. म्हणजे दोष छायाचित्रात नाही, तक्रारदारात आहे."

अध्यक्षांना हे पटले. चाळीस वेळा पटले होते.

"ताई," ते योगिनीला म्हणाले, "फोटो येऊ नये म्हणून तुम्ही काय काळजी घेतली होती?"

"घ्या!" कडूबा म्हणाले. "माह्यी सतरा नंबरची तक्रार अशीच बुजवली यायनं. अळी कंपनीची, कपाशी गेली माह्यी, अन् चूक बी माह्यीच!"

यानंतर नमुन्याचा प्रश्न आला. नियमाप्रमाणे नमुना दोन्ही पक्षांसमक्ष काढून त्याचे तीन भाग करावे लागतात: एक तक्रारदाराला, एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला. तेव्हा छायाचित्राच्या तीन रंगीत प्रती काढल्या गेल्या, लाखेने मोहोरबंद झाल्या आणि तिन्हींवर योगिनीची सही घेतली गेली. तिने सही करताना कागद उलटा धरला. पंच म्हणून बाहेरच्या चहाच्या टपरीवरील दोघांना बोलावले होते. नंतर आणखी अकरा जण स्वेच्छेने पंच झाले.

प्रयोगशाळेने नमुना तीन आठवड्यांनी परत केला. शेरा छापील होता: 'नमुना अपुरा. चाचणी करता येत नाही.'

अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला. सुनावणीत प्रथमच रंगराव उभे राहिले.

"अपुरा काऊन म्हणते? कोण म्हणते अपुरा?"

शेखररावांनी अशिलाचा सदरा खाली ओढला. अशील बसला नाही.

"मंग तुमचाच हाय न, रंगरावभाऊ?" कडूबांनी विचारले.

रंगराव बसले. शेखरराव म्हणाले की हे विधान शपथेवर नाही, शिवाय उभ्याने केलेले आहे. अध्यक्षांनी दोन्ही हरकती मान्य केल्या आणि माझ्याकडून कारण येईपर्यंत सुनावणी तहकूब केली.

तो डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या परिपत्रकात एक अट असते: ज्या कर्मचाऱ्याबाबत तक्रार प्रलंबित आहे, त्याचे नूतनीकरण होणार नाही. तक्रार त्याच्याविरुद्धची की त्याने केलेली, हे परिपत्रकात नाही.

"मागे घ्या, ताई," अध्यक्ष खरोखरच्या सहानुभूतीने म्हणाले. "आजच सही करतो. एका फोटोपायी नोकरी घालवता काय?"

"मागे घेतली तं पंधरावीले कोणं सांगीन, साहेब?"

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले.

मी कामाला लागलो. फोन समितीच्या ताब्यात होताच. तो ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला आणि दोन दिवस कपाशीत फिरलो. त्याने आपण होऊन कोणालाही काहीही पाठवले नाही. दमटपणाचे कारण निकालात निघाले. सहाशे पंचवीसमधून नुसत्या योगायोगाने चौदाच्या चौदा स्त्रिया निवडल्या जाण्याची शक्यता काढली. दशांशचिन्हानंतर बारा शून्ये आली. योगायोगही निकालात निघाला. कोणी पाठवले, हे आता उघड होते. उघड नव्हते ते एवढेच, की कोणत्याही अडथळ्याशिवाय चौदा महिने कसे पाठवले. इतर तेराजणींनी तक्रार का केली नाही?

यादीत नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. मी माझ्या फोनवरून एकेक लावला. पहिलीने नवऱ्याला सांगितले होते. दुसरीने सासूला. तिसरीने सरपंचांना, कारण नवरा सुरतेला होता. चौथीने भावाला. तक्रार प्रत्येकीने केली होती. फक्त जब्बारभाईंच्या रजिस्टरात नव्हे. आणि प्रत्येकीला उत्तर मिळाले होते, शब्दशः सारखे: डिलीट कर.

नववा क्रमांक दाबला, तेव्हा पडद्यावर आपोआप अक्षरे उमटली: सोजराताई.

सोजराताई माझी मोठी बहीण. आमची गावाकडची चार एकर कपाशी तीच पाहते.

"बोल भाऊ," ती म्हणाली.

मी विचारले.

"तुले तं तवाच सांगतलं होतं मी. पेरणीच्या टायमाले."

"मग मी काय म्हणालो?"

"इसरला? 'डिलीट कर, ताई. बियाणं त्याच्याचकून घेनं हाय,' म्हणला. त्या वाणाचा तुटवडा होता न. मंग तू जाऊन चार पाकिटं आणली. बोंडअळीनं तेबी गेलं."

एकतीस डिसेंबरला योगिनीने सापळ्यांची वही, भिंग आणि गटाचे प्रशासकपद कार्यालयात जमा केले. एक जानेवारीला नवीन कीड सर्वेक्षक रुजू झाली. जब्बारभाईंनी तिचा क्रमांक गटात जोडला. गटात रंगराव आहेत.

पाचवा रकाना मी भरून दिला आहे. जागा अपुरी पडल्याने पुरवणी जोडली. तिच्यासोबत चौदा क्रमांकांची यादी आहे. वाचणाऱ्याने तीत आपल्या घरचा क्रमांक पाहून घ्यावा. यादी चौदा महिन्यांची आणि एकाच फोनची आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कारण: हवामान नाही. फोन नाही. तक्रारदार नाही. छायाचित्र रंगरावांनी पाठवले. पहिलीच्या घरचे 'डिलीट कर' म्हणाले, म्हणून रंगरावांनी ते दुसऱ्यांदा पाठवले. असे तेरा वेळा झाले. नवव्या वेळी म्हणणारा मी होतो.