शनिवारी बंद

सन १९८४च्या वैशाखात सांडखोल गावातल्या यहुदी वारशाचं जतन करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. वारसा असा होता : एक कौलारू सिनेगॉग, सड्याच्या माळावरच्या एकोणीस कबरी आणि बहात्तर वर्षांच्या रिवकाबाई सांडखोलकर. रिवकाबाई सभेला नव्हत्या. विषय वारशाचा होता, तेव्हा त्यांना बोलवावं असं कुणाला सुचलं नाही.

सुरुवात मात्र त्यांनीच केली होती. एका सकाळी त्या रावजी मास्तरांच्या पडवीत येऊन बसल्या.

"मास्तर, मशिदीची चार कवलं फुटल्येत. पावसाच्या आधी त्या लवूला जरा चढवा की. माझं तो ऐकत नाय."

सिनेगॉगला गावात शनवार तेल्यांची मशीदच म्हणत. एके काळी तिथे यहुदी तेल्यांची चाळीस घरं होती, शनिवारी घाणा बंद ठेवणारी. ती सगळी आधी मुंबईला आणि मग इस्रायलला गेली. रिवकाबाई राहिल्या. शुक्रवारी सांजेला त्या आत दिवा लावत आणि शनिवारी सकाळी दार उघडून देवापुढे बसत.

काम चार कौलांचं होतं. पण मास्तरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात त्यांची हजेरी कुणी घेत नव्हतं. ते म्हणाले, "नुसती कौलं कशाला रिवकाबाई, आपण हे काम रीतसर करू!"

आठवड्याभरात समिती झाली, शिक्का झाला, मास्तर सचिव झाले. आपल्या नावापुढे उमटलेला तो जांभळा शिक्का त्यांनी बायकोलासुद्धा दाखवला. ती म्हणाली, "आणि कवलं?"

मास्तर वारसा म्हणून मंजुरी मागणारा अर्ज घेऊन रत्नागिरीला गेले. तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"आत सध्या कुणी प्रार्थना करतं का?"

"करतात की! रिवकाबाई, दर शनिवारी."

"मग हा वारसा कसा? वारसा म्हणजे माणसं गेल्यावर मागे राहतं ते. तुमच्या बाई तर अजून आहेत. ही वापरातली वास्तू झाली."

मास्तरांना हे एकदम पटलं. व्याख्या म्हटली की ती त्यांना पटतच असे. तीस वर्षं त्यांनी मुलांना व्याख्याच पाठ करायला लावल्या होत्या.

"आणि निर्णय होईपर्यंत वास्तूला हात लावायचा नाही," साहेबांनी बजावलं.

मास्तर परतले तेव्हा लवू शिडी लावून अर्ध्यावर चढला होता. मास्तरांनी त्याला उतरवला.

"चार कवलं टाकतो नि उतरतो. कोण बघतंय?" लवू म्हणाला.

"फाइल बघते," मास्तर म्हणाले.

मग समितीने वास्तूचा वापर थांबवला. दाराला कुलूप घातलं, किल्ली सचिवांकडे. रिवकाबाईंना 'सन्माननीय अभ्यागत' असा दर्जा दिला आणि दारावर पाटी लागली : पाहण्याची वेळ दहा ते पाच. साप्ताहिक सुट्टीचा दिवस ठरवताना मास्तरांनी खास अभ्यास केला. यहुद्यांचा पवित्र दिवस शनिवार; त्या दिवशी ते काम करत नाहीत. तेव्हा त्यांच्या भावनांचा आदर राखून सिनेगॉग शनिवारी बंद! या सूचनेवर टाळ्या पडल्या.

पहिल्याच शनिवारी रिवकाबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या. मास्तर पाटीपाशी उभे होते.

"शनवारी बंद?"

"तुमच्या शब्बाथचा मान म्हणून, रिवकाबाई."

"मग मी येऊ कधी?"

"सोमवारी या. दहा ते पाच उघडंच असतं."

"सोमवारी मी कपडे धुते, मास्तर."

किल्ली मास्तरांच्या खिशात होती. हात घालायचा अवकाश होता. पण घंटा झाल्यावर एकाही पोराला फाटकातून आत न सोडणारा तो हात! तो खिशापर्यंत गेला आणि नुसता किल्लीशी चाळा करत राहिला. रिवकाबाई पायरीवर बसल्या, बंद दाराकडे तोंड करून पुटपुटल्या आणि निघून गेल्या. मास्तरांना शरम वाटली. पण पुढच्या सभेत ती कुठल्या विषयाखाली मांडावी हे त्यांना ठरवता येईना.

पावसात कौलांतून धार लागली. रिवकाबाईंनी निरोप धाडला, "पोथीच्या कपाटावर पाणी पडतंय." मास्तरांनी तो निरोप तीन प्रतींत रत्नागिरीला पाठवला. भाद्रपदात साहेब पाहणीला आले, ओल चढलेल्या भिंतीवरून बोट फिरवून खूश झाले आणि त्यांनी शेरा मारला : 'गळतीमुळे वास्तूचे जुनेपण सिद्ध होते.'

दिवाळी झाली आणि रिवकाबाईंनी इस्रायलमधल्या लेकीला होकार कळवला. दहा वर्षं ती बोलवत होती आणि दहा वर्षं त्या म्हणत होत्या, मी गेले तर दिवा कोण लावील?

एसटी स्टँडवर अख्खी समिती हार घेऊन हजर होती. फोटो निघाला. रिवकाबाई गाडीत बसल्या आणि खिडकीतून मास्तरांना म्हणाल्या, "तुम्ही माणसं लय चांगली, मास्तर. मी मेल्यावर जे करायचं ते सगळं मी जिती असतानाच केलंत."

मास्तरांनी कृतज्ञतेने हात जोडले. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांना वाक्याचा अर्थ लागला. जोडलेले हात सोडावेत कसे, हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

पंधरा दिवसांत मंजुरी आली. वास्तू आता निखळ वारसा होती.

वार्षिक सभेपुढे अहवाल लिहिताना मास्तरांनी तीन वेळा कागद फाडला. खरं वाक्य जसंच्या तसं लिहून पाहिलं, पण ते अहवालाच्या भाषेत बसेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'प्रयाणसमयी श्रीमती रिवकाबाईंनी समितीच्या कार्याबद्दल समाधान व्यक्त केले.' सभेत हे वाचताना त्यांचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, मास्तर हळवे झाले. सगळ्यांनी हात वर करून अहवाल मंजूर केला. तुम्ही त्या सभेला असतात, तर अहवाल छान झाला म्हणून तुम्हीही हात वर केला असतात. मास्तरांनी तर दोन्ही हात वर केले होते.