पत्रकाची कोरी बाजू

अन्याय झाला मारोतराव काकाजींवर. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, देवळीच्या बसस्टँडसमोर. नव्वदचं दशक सरत आलं आहे, तेव्हाची ही ताजी गोष्ट. अन्याय करणाऱ्याचं नाव दडपायची आमच्या संघटनेची पद्धत नाही, म्हणून सांगतो : तो मीच.

मारोतराव म्हणजे एसटी डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक. रोज दुपारी अनिलभाऊंच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात यायचे. पण लगेच खेळत नसत. आधी मशीनच्या पेटीवर बोटांनी ठोकायचे, कान लावायचे आणि जाहीर करायचे, "गाडी बरोबर हाये." मगच नाणं टाकायचे. गेम होता रोबोटच्या मारामारीचा. दोन लोखंडी धुडं समोरासमोर; ठोसे, रॉकेट, उडणारे पत्रे. सगळी पोट्टी चपळ निळा रोबोट घेत. मारोतराव सुस्त लाल घ्यायचे.

"लाल काऊन घेता, काकाजी?"

"आपल्या डेपोचा हाये ना बाबू."

आणि हरायचे. लाल रोबोट गुडघ्यावर बसला, की पडद्यावर उलटे आकडे सुरू होत : नऊ, आठ, सात... मारोतराव घाईघाईनं दुसरं नाणं टाकत. रोबोट उठला, की हँडल शेजारच्याच्या हातात देत. "उभा केला. आता तू चालव."

यंदा मी व्हिडिओ गेमविरुद्ध आंदोलन छेडलं होतं. अध्यक्ष मी, सरचिटणीस मी, भिंतीवर खळ लावणाराही मीच. गेम मात्र एकदाही खेळलो नव्हतो. त्यामुळे माझा विरोध अगदी शुद्ध होता. पत्रकासाठी जाणकार माणूस हवा, म्हणून मारोतरावांकडे गेलो.

"या अध्यक्ष! लिवा. पहिले गुण."

"फक्त दोष सांगा, काकाजी."

"गाडीचा रिपोर्ट असा नसते. काय चालते, ते पहिले लिवा लागते."

लिहिलं. बटन दाबलं की हात तत्काळ उठतो. ठोसा लागला की पत्रा निघतो आणि आतलं सामान दिसतं, "बनवणाऱ्यानं मन लावलं हाये." मग दोष. निळ्याला वेग आहे, ब्रेक नाही. लालच्या गुडघ्यात ग्रीस नाही. एकच डाव घोटून घोटून मारला तरी मशीन काही म्हणत नाही. कोपऱ्यात सापडलेल्याची सुटका नाही. "अन् सगळ्यात मोठा दोष : पडलेल्याले उचलाले गेममदी कोणी नाई. बाहेरूनच उचला लागते."

मी वही मिटली.

"थांबा ना! एक गुण राह्यला. मशीनले हँडल दोन हायेत. आपण एकटे खेळून राह्यलो, तं ओळख ना पाळख, कोणी बी येऊन बाजूले उभा राह्यते. माह्या घरी असं होत नाई."

हे मला विषयांतर वाटलं.

पत्रक निघालं : 'अनुभवी तंत्रज्ञ मारोतराव यांचा घणाघात!' खाली नुसते दोष. तान्ह्या पोळ्याला पोट्टी लाकडी बैल ओढत जमली होती, त्या गर्दीत मी ते वाटलं. मारोतरावही तिथंच उभे होते. थोड्याच वेळात अनिलभाऊ पत्रक हातात घेऊन त्यांच्यासमोर आले.

"काकाजी, माह्याच दुकानात खेळून माह्याच मशीनची बदनामी? आता पायरी नका चढू."

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. 'गुण बी सांगितले होते,' एवढं ते म्हणाले असते, तर गर्दीत माझी शोभा झाली असती. ते बोलले नाहीत. अनिलभाऊ गेल्यावर मात्र हळूच विचारलं, "गुण कुठी गेले?"

"जागा नव्हती, काकाजी."

त्यांनी पत्रक उलटून पाहिलं. "हे बाजू तं कोरीच हाये."

आंदोलनाला यश आलं : एक खेळाडू कमी झाला! मारोतराव आता दुपारभर स्टँडच्या बाकावर बसतात. अर्ध्या बाकावर. उरलेला अर्धा मोकळा ठेवतात. मी अनिलभाऊंकडे कबुली द्यायला गेलो होतो. "आता हे नवीन पत्रक काय?" म्हणाले. माझ्या शब्दाला तिथं किंमत उरलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. ते पत्रक तुमच्या घरी असेल तर उलटं करा. कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहा : 'हँडल दोन आहेत.' ते अनिलभाऊंच्या हातात द्या आणि मारोतरावांना आत घेईपर्यंत हलू नका. मग दुसरं हँडल धरा. निळा घ्या, बेलाशक हरवा त्यांना. पण आकडे संपायच्या आत नाणं तुम्ही टाका.