फलाटावरचा हातमोजा

खेळ दुपारी दोनला होता, आणि सकाळी अकराला ग्लेनिस पॅगेटचा फोन आला तेव्हा वेन्डेल स्ट्रूप बूट पुसत होता.

"एक आनंदाची बातमी आहे," ग्लेनिस म्हणाली. "आज 'विचिटाचा फलाट' दाखवतोय ना आपण, त्यात काम केलेली एक बाई मला सापडली. कपडेपटात होती. त्र्याण्णव वर्षांची आहे, पण टुणटुणीत. आज येतेय गप्पा मारायला."

वेन्डेलच्या हातातलं फडकं बुटावर तसंच राहिलं. "कपडेपटात म्हणजे नक्की काय करायची?"

"हातमोजे शिवायची."

वेन्डेल खुर्चीवर बसला.

त्याचं असं झालं होतं. बरबँकच्या वाचनालयाच्या तळघरात जुन्या चित्रपटांचं एक मंडळ भरायचं आणि वेन्डेल त्याचा अध्यक्ष होता. अकरा वर्षांपूर्वी याच चित्रपटावरून त्याचा आणि ग्लेनिसचा कडाक्याचा वाद झाला. शेवटच्या प्रसंगात गाडी सुटते, नायिका फलाटावर उभी राहते आणि तिच्या हातातून मोजा गळून पडतो. ग्लेनिस म्हणाली, हा भडक अभिनय आहे. नायिका होती व्हिव्हिका लॉर्न, आणि व्हिव्हिका लॉर्नबद्दल वेन्डेल एक अक्षर ऐकून घेत नसे. पण त्या दिवशी त्याचे मुद्दे संपले होते. मग तो एकदम बोलून गेला, "तो अभिनय नव्हताच. थंडीनं तिची बोटं गारठली होती, मोजा खरोखर निसटला. दिग्दर्शकानं तसाच ठेवला. त्या युनिटमधल्या माणसानं मला स्वतः सांगितलंय." आणि कुणी नाव विचारू नये म्हणून त्यानं त्या माणसाला तिथल्या तिथे स्वर्गवासी केलं.

ग्लेनिसनं माघार घेतली. वाद वेन्डेलनं जिंकला. पण मोजा काही तिथे थांबला नाही. तो मंडळाच्या माहितीपत्रकात गेला, तिथून सॅक्रामेंटोच्या मंडळात, आणि तिथून एका प्राध्यापकाच्या व्याख्यानात. ते व्याख्यान ऐकायला वेन्डेल पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं मान डोलावली होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण 'पुराव्याशिवाय माहिती नाही' हा मंडळाचा नियम वेन्डेलनंच केलेला होता. तीन वर्षांपूर्वी बड लॅस्को नावाच्या एका भल्या सभासदानं कुठल्याशा घोड्याचं नाव चुकीचं सांगितलं, तेव्हा वेन्डेलनं त्याला भर सभेत उभं करून माफी मागायला लावली होती. बड आता पक्षी बघायला जातो.

साडेबाराला वेन्डेल सभागृहात पोचला. टेबलावर माहितीपत्रकाच्या साठ प्रती होत्या आणि पहिलाच मुद्दा हातमोज्याचा होता. त्यानं सगळा गठ्ठा उचलला आणि गाडीच्या डिकीत टाकला. परत आला तर दारात ग्लेनिस.

"कागद कुठे गेले?"

"छपाईची चूक होती."

"कुठली?"

"स्वल्पविराम," वेन्डेल म्हणाला.

दुसरं कुणी असतं तर ग्लेनिसचा विश्वास बसला नसता. वेन्डेलच्या बाबतीत बसला. पण त्यामुळेच घोटाळा झाला. नव्या प्रती काढायच्या म्हणून ती तो स्वल्पविराम शोधत आपल्या पर्समधली प्रत पहिल्यांदाच नीट वाचायला लागली. "काय रे वेन्डेल," ती म्हणाली, "बाकी सगळ्या मुद्द्यांखाली आधार दिलाय. या मोज्याखाली कुणाचंच नाव नाही. थांब, आज त्या बाईंनाच विचारते, म्हणजे त्यांचं नाव घालता येईल."

"मी आणतो त्यांना," वेन्डेल घाईनं म्हणाला.

"तू? मला कधी विमानतळावर सोडलं नाहीस ते." पण तिला खुर्च्या मांडायच्या होत्या. तिनं पत्ता दिला.

मिसेस इमोजेन टटल व्हॅन नाइजला आपल्या अंगणात टोपी घालून तयार बसल्या होत्या. गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि वेन्डेलनं काही विचारायच्या आत म्हणाल्या, "त्या शेवटच्या प्रसंगासाठी मी सहा जोड शिवले होते. सहा. दर वेळी मोजा तेलकट फलाटावर पडायचा, की झाला खराब. आणि दिग्दर्शकाला तो बोटं वर करून पडायला हवा होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाई मोजा टाकतेय आणि मी नवा देतेय."

सहा जोड. व्हिव्हिका लॉर्ननं तो मोजा दिवसभर ठरवून टाकला होता.

पुढच्या लाल दिव्याशी त्यानं सगळं ओकून टाकलं. वाद, गारठलेली बोटं, स्वर्गवासी साक्षीदार, प्राध्यापक, बड लॅस्को, सगळं. "तुम्ही एवढंच म्हणा की आठवत नाही," तो म्हणाला. "त्र्याण्णवाव्या वर्षी कुणी काही म्हणणार नाही."

मिसेस टटल यांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. "मला सगळं आठवतं, बाळा. आणि मी खोटं बोलत नाही. आमच्या घरात ते चालत नसे."

दिवा हिरवा झाला. वेन्डेल हमरस्त्याला लागला आणि बरबँकचा फाटा आला तेव्हा सरळ पुढे गेला. वळून परत आला, परत चुकला. त्याच्या मनात ठरलेलं असं काही नव्हतं, फक्त दोन वाजून जावेत एवढीच इच्छा होती.

"बाळा," थोड्या वेळानं मिसेस टटल म्हणाल्या, "तू तिसऱ्यांदा तोच पेट्रोलपंप ओलांडतोयस."

ते पोचले तेव्हा अडीच वाजले होते. सभागृह गच्च भरलेलं. पाहुण्या आल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही असं ग्लेनिसनं ठरवलं होतं आणि लोक चुळबुळायला लागले म्हणून तिनं शेवटचा प्रसंग तेवढा लावला होता. एकदा नाही, चार वेळा. साठ माणसं अर्धा तास तो मोजा पडताना बघत होती.

मिसेस टटल यांना पुढे खुर्ची दिली गेली. वेन्डेल दाराजवळ उभा राहिला. तिथून गाडी जवळ होती.

"पहिला प्रश्न माझा," ग्लेनिस म्हणाली. "तो मोजा. टाकला होता, की निसटला?"

मिसेस टटल यांनी पाणी मागितलं. दोन घोट घेतले. पेला कुठे ठेवावा ते बघितलं. मग समोर पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिल्या. साठ माणसं पुढे वाकली होती. खोकला आलेल्यानंही तो दाबून धरला होता.

"निसटला," त्या म्हणाल्या.

वेन्डेल दारापासून एक पाऊल आत आला.

"माझ्यामुळे निसटला," त्या पुढे म्हणाल्या, आणि आवाज खाली आणला. "मी एकोणीस वर्षांची होते. माप चुकलं. अर्धा इंच सैल झाला मोजा. तो पडताना पाहिला आणि मी कपड्यांच्या फळीमागे जाऊन रडायला लागले, म्हटलं, गेली नोकरी. तर दिग्दर्शक स्वतः तिथे आला. म्हणाला, पोरी, या चित्रपटातली सगळ्यात सुंदर गोष्ट तू केलीस."

कुणीतरी नाक शिंकरलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि लोक उभे राहिले. टाळ्या वाजवताना वेन्डेलला मिसेस टटल यांचे पाय धरावेसे वाटले. टाळ्या थांबेपर्यंत.

"पण मग बोटं गारठली होती ते?" ग्लेनिसनं विचारलं.

"गारठतील कशी?" मिसेस टटल म्हणाल्या. "जुलै महिना होता. स्टुडिओत पंखे लावले होते. बोटांचं कुणी सांगितलं?"

साठ माना दाराकडे वळल्या.

"वेन्डेल," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज इतका गोड त्यानं कधी ऐकला नव्हता. "अकरा वर्षं आपण चुकीचं छापतोय, रे."

"मिसेस टटल," वेन्डेल पुढे येत म्हणाला, "तुम्ही गाडीत म्हणालात ते सहा जोड..."

"कसले जोड, बाळा?" मिसेस टटल यांनी मायेनं विचारलं.

नियम त्याचाच होता. वेन्डेल सभागृहाच्या मध्यभागी उभा राहिला आणि एका खोट्यापेक्षा वेगळं खोटं सांगितल्याबद्दल त्यानं साठ जणांची माफी मागितली, आणि अध्यक्षपदही सोडलं. ग्लेनिसनं माहितीपत्रकात तिथल्या तिथे पेनानं दुरुस्ती केली आणि खाली लिहिलं, आधार: इमोजेन टटल, प्रत्यक्षदर्शी.

परतताना वेन्डेल एकही फाटा चुकला नाही.

"चौऱ्याहत्तर वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं," व्हॅन नाइज जवळ आल्यावर मिसेस टटल म्हणाल्या. "आणि ते सगळे असे वाकून बसले होते. सहा जोडांसाठी कुणी उभं राहिलं असतं का?"

वेन्डेलनं गाडी त्यांच्या गल्लीत वळवली.

"पॅसाडीनाच्या मंडळानं पुढच्या महिन्यात बोलावलंय. तिथला एक जण होता आज. तू नेशील का?"

वेन्डेलनं गाडी त्यांच्या अंगणापाशी लावली, उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि हात दिला. त्या सावकाश बाहेर आल्या, टोपी सारखी केली. अध्यक्षपद हातचं गेलं होतं, लाज होती तीही गेली होती. पण एक गोष्ट मघापासून त्याला आत टोचत होती आणि ती बोलल्याशिवाय त्याला झोप लागली नसती.

"नेईन," तो म्हणाला. "पण अर्धा इंच फार होतो, मिसेस टटल. अर्धा इंच सैल मोजा हातात चढवतानाच कळेल कुणालाही. तिथे पाव म्हणा."

मिसेस टटल यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, बोटं मिटली, उघडली.

"पाव," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. पावच होता."