मावशीचा धबधबा

"या रविवारी सहकुटुंब निघायचं. तुमच्या त्या मावशीच्या धबधब्याला. वाट तुम्ही दाखवायची," असं संपादक म्हणाले आणि पुरवणीवाल्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

ती उचलायला तो वाकला आणि टेबलाखाली गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. कारण असा धबधबा जगात कुठेच नव्हता. होता तो फक्त रविवारच्या पुरवणीत, पान तीन, डावा कोपरा.

पावसाळ्यापुरते वाहणारे धबधबे पायी हिंडून शोधायचे आणि वाचकांना वाट सांगायची, असं त्याचं सदर होतं. हिंडायचा त्याचा मेहुणा. हा खुर्चीत बसून त्याच्याकडून ऐकायचा आणि लिहायचा. मग मेहुण्याचं लग्न झालं, रविवारचं हिंडणं बंद झालं आणि सगळे धबधबे एकदम आटले.

मजकूर द्यायचा गुरुवार मात्र आटला नाही. महिन्यापूर्वीच्या एका गुरुवारी बाहेर धो धो पाऊस होता आणि डोकं ठणठणीत कोरडं. बाकी सगळं ओलं. त्याच्या टेबलासमोर छत गळायचं. पाणी छतातून तुळईवर, तुळईवरून लोखंडी कपाटाच्या डोक्यावर आणि तिथून निळ्या बादलीत पडायचं. झाडलोट करणाऱ्या मावशी तासातासाने बादली ओतून यायच्या. या गळतीबद्दल त्याने तीन वर्षांत सात अर्ज दिले होते. अर्ज वर जात राहिले, पाणी खाली येत राहिलं. संपादकांची खोली कोरडी होती आणि ज्याची खोली कोरडी त्याला गळती ही अफवाच वाटते.

तर त्याने समोर पाहिलं आणि दिसलं ते इमानाने लिहिलं. 'तीन टप्प्यांत कोसळणारा मावशीचा धबधबा. तळाशी निळंशार कुंड. डोंगराकडे जाणाऱ्या बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरा आणि डावीकडची पायवाट धरा.' हात सैल सुटलाच होता, म्हणून शेवटी हेही लिहिलं : 'मी स्वतः चार वेळा गेलो आहे.'

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग सांगून टाका ना खरं."

"सांगून टाकू? त्या केकवाल्या बाईंचं काय झालं माहितीय ना? स्वतः न भाजता केकची कृती छापली, तर संध्याकाळच्या आत घरी पाठवलं त्यांना."

"केक तरी खोटा नव्हता हो. नुसता कच्चा राहिला होता."

"तू मला धीर देतेयस की नोकरी सोडायची तयारी करून घेतेयस?"

"दोन्ही," बायको म्हणाली. "रविवारी मीही येते. तुमच्या तोंडाकडे कुणीतरी बघायला हवं."

त्याचा बेत साधा होता. वाट चुकवायची, संपादकांना दमवायचं, 'पावसानं वाट वाहून गेली' म्हणायचं आणि परत फिरायचं. पण ज्या माणसाला कचेरीचा एक जिना चढताना धाप लागते, तो डोंगर दिसताच बोकडासारखा उड्या मारायला लागेल हे कुणाला ठाऊक? शेवटच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या संपादक पायवाटेने सुटलेसुद्धा. त्यांच्यामागे त्यांच्या बाई, आणि सगळ्यात मागे वाटाड्या.

पहिली वाट शेळ्यांच्या गोठ्यात शिरली. दुसरी गोल फिरून पुन्हा बसथांब्यापाशी आली. चिखलाने चौघांचे बूट एकाच रंगाचे झाले.

"चार वेळा आला होतात ना?" संपादकांनी विचारलं.

"गवत वाढलंय साहेब. ओळखू येत नाही."

"गवताखाली डोंगर तोच असेल ना?"

बायको पुटपुटली, "बोला आता."

आणि तो बोलणारच होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात संपादकांच्या बाई ओरडल्या, "अहो, हा बघा फलक!"

फळीवर चुन्याने लिहिलं होतं : मावशीचा धबधबा. खाली बाण.

पुरवणीवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. संपादकांना वाटलं, धाप लागली.

वळण घेतलं आणि समोर धबधबा. एक टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा. तळाशी कुंड, आणि ते निळंशार. आकाशही इतकं निळं नसतं. काठावर छत्रीखाली एक म्हातारी खुर्चीत बसली होती आणि लोक रांग लावून तिच्याशेजारी फोटो काढून घेत होते.

"काय हो, शब्दन् शब्द खरा!" संपादकांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो कुंडात जायचा राहिला. "मला, खरं सांगतो, मघाशी शंका आली होती तुमची."

"मलाही आली होती साहेब."

संपादक पाण्यात उतरले, बाई रांगेत उभ्या राहिल्या. पुरवणीवाला चहाच्या टपरीपर्यंत पोचला आणि बाकावर बसला. आठवड्याभरात पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला.

"हा धबधबा... आधीपासूनच इथं आहे?" त्याने चहावालीला विचारलं.

"नाही तर काय आम्ही आणून ठेवला? पाणी आमच्या आज्जेसासऱ्याच्या आधीपासनं पडतंय. पण कुत्रं फिरकत नव्हतं. मग कुण्या शहाण्यानं पेपरात लिहिलं आणि माणसं यायला लागली. मावशीचा धबधबा कुठंय? मावशीचा धबधबा कुठंय? आठवडाभर नाही नाही म्हटलं. शेवटी नवरा म्हणाला, अगं, हाच म्हण."

"पण तीन टप्पे?"

"दोनच होते. माणसं मोजायची आणि तोंड वाकडं करायची. मग दीर आणि नवऱ्यानं दोन दिवस धोंडे लोटले, तेव्हा तिसरा झाला."

"आणि निळं कुंड?"

"त्यानं तर रडवलं बघा! निळं पाणी कुठनं आणायचं? शेवटी ट्रकवर टाकतात ती ताडपत्री अंथरली तळाला. मावशी कोण म्हणून विचारायला लागले, तर सासूबाईंना खुर्चीत बसवलं. घरात कुणाशी चार शब्द बोलत नव्हत्या, आता दिवसभर गोष्टी सांगतात. रोज नवीन." चहावालीने कप पुढे केला आणि त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "लिहिणारा भेटला तर सांगा त्याला, भलं होवो त्याचं. पण चौथा टप्पा लिहू नको म्हणावं. दिराची कंबर धरलीय."

बायकोने पदर तोंडाला लावला. पुरवणीवाल्याने चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली, पण जीभ भाजलेला माणूस नोकरीत होता.

सोमवारी पहिल्या पानावर संपादकांचा फोटो झळकला : निळ्या कुंडात कमरेपर्यंत, शेजारी मावशी. खाली त्यांचा स्वतःचा लेख, 'मी डोळ्यांनी पाहिलेला धबधबा'. गावभर वाहवा झाली. त्या खुशीत, वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच, संपादक स्वतः पुरवणीवाल्याच्या कोपऱ्यात आले.

बाहेर धो धो पाऊस होता.

"शाबासकी द्यायला आलो," ते म्हणाले. "आणि तुमच्या त्या अर्जांचं मनावर घेतलंय. उद्याच छपरवाला..." आणि ते थांबले.

छतातून पाणी तुळईवर पडलं. तुळईवरून कपाटावर. कपाटावरून निळ्या बादलीत.

संपादकांच्या ओठांची हालचाल दिसली. एक. दोन. तीन. मग त्यांनी बादलीकडे पाहिलं. मग हातातल्या पेपराकडे, जिथे ते स्वतः ताडपत्रीवर हसत उभे होते. पुरवणीवाल्याला केकवाल्या बाई आठवल्या. त्याने पेन्सिल खिशात घातली. घरी नेण्यासारखं तेवढंच होतं.

तेवढ्यात झाडलोटीच्या मावशी आल्या, बादली ओतून आणली आणि जरा बाजूला ठेवून निघाल्या.

संपादकांनी पेपराची घडी केली, अगदी लहान, आणि बगलेत दाबली.

"छपरवाल्याला नको म्हणून कळवतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. मग दारापाशी गेलेल्या मावशींना त्यांनी जोरात हाक मारली, "ओ मावशी, बादली होती तिथंच ठेवा! वाचक वाट चुकतील."