अण्णांचं अभिनंदन

"जपानीने मला दोन वर्षं दमवलं, पण स्पॅनिश मी दिवाळीच्या आत खिशात घालते," असं उल्काने नवऱ्याला ऐकवलं, तेव्हा त्र्याण्णव साल होतं आणि गणपती नुकतेच गेले होते. गुणवंतच्या ऑफिसात मेक्सिकोच्या बदलीची कुणकुण होती, आणि योकोहामातल्या त्यांच्या वॉर्डाच्या सभागृहात दर गुरुवारी स्पॅनिशचा वर्ग भरे. शिकवायला ओशिरो-सेन्सेई. जन्म पेरूतला, चेहरा जपानी, स्वभाव मोरावळ्यासारखा मुरलेला.

चौथा धडा कुटुंबाचा. "येताना घरच्यांचा फोटो आणा," सेन्सेई म्हणाले.

उल्काचे वडील, मिरजेचे अण्णा, जूनमध्ये गेले होते. "तिकीट मिळून तू पोचेपर्यंत तेरावं उरकलेलं असेल," गुणवंत म्हणाला, आणि ते खरंच होतं. ती गेली नाही. रडूही आलं नाही. रडायचं तरी कुणाजवळ? नवरा दिसायचा रविवारी. शेजारीण भेटायची ती कचऱ्याच्या पिशव्या ठेवताना, आणि कचऱ्यापाशी उभं राहून वडील गेल्याचं कसं सांगणार?

निदान वर्गाला तरी कळावं म्हणून तिने भावाने पाठवलेला फोटो नेला. चौकटीतले अण्णा, वर चंदनाचा हार. शब्द येत नव्हते, पण हार बघितल्यावर सांगायचं काय उरतं?

"हे माझे वडील," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली आणि तिने मान खाली घातली.

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"अभिनंदन, उल्का-सान," सेन्सेई म्हणाले. "काय जिंकले?"

"निवडणूक," पुढच्या बाकावरच्या नाकामुरा आजींनी परस्पर सांगून टाकलं. भारतातले हार घातलेले पुढारी त्यांनी टीव्हीवर पाहिले होते.

उल्काने तोंड उघडलं. पण नऊ हसरे चेहरे विझवायचे कसे?

"हो," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी आजींनी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"बरे आहेत."

"काम फार पडत असेल."

"सभा असतात ना."

हयातभर अण्णांनी पोस्टात तिकिटं विकली. वर्गात ते दिवाळीपर्यंत नगराध्यक्ष झाले. उल्काला लाज वाटे, पण आठवड्यातून एकदा कुणीतरी अण्णांची चौकशी करत होतं. तो गुरुवार काही सोडवेना.

डिसेंबरात सेन्सेई आईला भेटायला लिमाला निघाले. शेवटच्या तासाला नाकामुरा आजी एक गाठोडं घेऊन आल्या. "उल्का-सान, तुमच्या पद्धतीने सत्कार करतोय. चुकलं तर सांगा हं."

गाठोडं सुटलं. आत चौकटीतले हसरे सेन्सेई, आणि चौकटीला रंगीत कागदी फुलांचा मनगटाएवढा हार. वर्ग टाळ्या वाजवू लागला, आणि उल्का बाकावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"अहो, मी जानेवारीत परत येतोय," सेन्सेई गोंधळून म्हणाले.

"अण्णा नाही येणार," ती मोडक्या जपानीत म्हणाली. "माझे वडील जूनमध्ये वारले. जिवंत माणसाच्या गळ्यात हार घालतात आमच्याकडे. फोटोला घालतात तो गेलेल्या माणसाच्या."

टाळ्या थांबल्या. आजी तिच्याशेजारी येऊन बसल्या. "खरं काय करायचे ते?"

"पोस्टात तिकिटं विकायचे."

"रागीट होते?"

"सुट्टे पैसे नसले की."

उरलेला तासभर वर्ग अण्णांबद्दल ऐकत राहिला. ओशिरो-सेन्सेई मात्र कोपऱ्यात, मनगटावर बोटं ठेवून, स्वतःची नाडी मोजत बसले होते.